चाळीस सेकंद

एक पेसो टाकला की चार मिनिटं.
सहा यंत्रं, पत्र्याखाली, एस्तान्सियाच्या बंदराला पाठ करून;
सातवं बंद आहे, त्यावर मांजर झोपतं.
भिंतीवर माझ्याच अक्षरात:
कीबोर्डवर मूठ आपटल्यास वीस पेसो.
जुनरेलनं एकट्यानं
एकशे चाळीस भरलेत.

पंधरा वर्षांचा. ओठावर मिशीची नुसती अफवा.
शाळेचा शर्ट दप्तरात कोंबून येतो,
तिसऱ्या खुर्चीवर बसतो, जिचा एक पाय मी दोरीनं बांधलाय.
खेळात तो मरतो
तेव्हा पडद्यावरचा रंग उडतो. सगळं राखाडी,
आणि मधोमध आकडे: चाळीस, एकोणचाळीस, अडतीस...
तोवर काही करता येत नाही.
बाकीचे चार तिकडं मार खात असतात,
कानात शिव्या घालत असतात,
कुठला कोण सेबूचा पोरगा याच्या आईचा उद्धार करतो,
आणि याची मूठ वर.

मी काही शिकलेली बाई नाही.
सुकट विकायचे, मग ही यंत्रं घेतली हप्त्यावर.
पण मूठ वर जाण्याआधी
खांदा कसा घट्ट होतो
हे मला पाठमोरंही कळतं. नवऱ्यानं शिकवलं.
एका दुपारी मी जुनरेलच्या मानेवर
आईस कँडी टेकवली. नुसती टेकवली.
तो दचकला, शिवी अर्धीच राहिली.
आकडा तेव्हा एकवीसवर होता.
"एवढे उरलेत," मी म्हटलं, "तेवढ्यात चोखून संपव."

उपदेश नव्हता तो. कँडी पाच पेसोची, ती मी वहीत मांडली.

पुढं पुढं तो स्वतःच हात मांड्यांखाली घालायचा,
हातांवर बसायचा, अंडी उबवल्यासारखा.
ओठ हलायचे. चर्चमध्ये बायकांचे हलतात तसे,
पण आकडे उलटे.
आणि रंग परत आला की
आधी पडलेल्या गड्याला उठवायला धावायचा.
नंतर मूठ आपटलीच नाही असं नाही; ऑगस्टात दोनदा.
वीस-वीस घेतले मी.

डिसेंबरात बापाचा निरोप आला.
बाप जहाजावर, रॉटरडॅमकडं कुठंतरी, तेलाच्या टाक्या घासतो.
करार वाढला, नाताळला येत नाही.
हे तिसरं वर्ष.
निरोप आईनं रस्त्यातच वाचला, माझ्या दुकानासमोर,
आणि तिथंच रडू लागली, हातात तांदळाची पिशवी.
जुनरेल खुर्ची सोडून बाहेर आला. ऐकलं.
दोन्ही हात पाठीमागं,
नजर समोरच्या विजेच्या खांबावर.
"दगड आहेस," आई म्हणाली. "त्या खेळानं दगड केलाय तुझा.
बाप येत नाही आणि डोळ्यात एक टिपूस नाही!"
तो बोलला नाही.
ओठ तेवढे हलत होते.
कसा बोलेल? अजून तीस तरी उरले असतील.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, थांब गं मरिविक,
तूही मोज, तो येतोय, परत येतोय.
पण लोकांच्या रडण्यात दुकानदारानं पडू नये.
मांजर उठलं, अंग ताणलं, पुन्हा झोपलं.

मग त्यानं आईच्या हातातली पिशवी घेतली.
खांद्यावर टाकली.
दोन पावलं गेला, आणि पिशवीआड तोंड लपवून
असा काही हुंदका दिला
की माझी सगळी पोरं
कानातलं काढून बघायला लागली.
कोणी हसलं नाही.

तिसऱ्या यंत्रावर त्याचं नाणं अजून चालू होतं,
एक मिनिट अकरा.
ते मी थांबवलं.
थांबवता येतं, किल्ली असते माझ्याकडं.
पोरांना हे कधी सांगितलेलं नाही.